गाण्याखालचा आवाज

श्रुतीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं हत्तरकी स्वतःशी म्हणत. छत्री बसमध्ये राहते, दुधावर झाकण ठेवायचं राहतं, तसं. चार वर्षं ते हेच म्हणत आले होते आणि दर वेळी त्यांना आतून कळत होतं, की उत्तर राहिलेलं नाही. आपण ते दिलेलं नाही. पत्र टेबलाच्या खणात नव्हतं. कपाटातल्या जाड शब्दकोशाच्या शेवटच्या पानाला कार्डासाठी एक कागदी खिसा चिकटवलेला होता, त्यात ते होतं. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस लपवायची वस्तूसुद्धा जागेवर लावून ठेवतो. एकच पान. निळी शाई, अक्षर उभट, बापासारखं. ‘काका, डिस्क पोचली. पण आमच्या इथल्या कॉम्प्युटरला ट्रे नसतो, नुसती फट असते. तिच्यात डिस्क अडकली. तुम्ही चिकटवलेलं लेबल आत सुटलं आणि गुंडाळलं गेलं. लॅबमधल्या सरांनी मशीन उघडून ती काढली. काढून पुसून लावली तरी त्या मशीनला ती वाचता येईना. दुसऱ्या पद्धतीच्या कॉम्प्युटरसाठी केलेली आहे म्हणाले. मग एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर लागली. बाबा दिसले, अकरा सेकंद. मी मोजले. ते काहीतरी बोलताहेत, पण वर गाणं आहे. मी अकरा वर्षांची असताना बाबा गेले, मला त्यांचा आवाज आठवत नाही. आईला विचारलं तर म्हणते, मोठा होता. मोठा म्हणजे कसा? काका, गाण्याखालचा आवाज कुठं असतो का?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत होता.

दोन हजार नऊच्या जानेवारीतल्या त्या सकाळी ते चष्म्याची काडी बसवून घ्यायला राजारामपुरीत गेले होते. परतताना एका नव्या दुकानाच्या काचेआड त्यांना एक पांढरा कॉम्प्युटर दिसला. नुसता पडदा, पाटीसारखा, एका पायावर उभा. दुकानदार गिऱ्हाइकाला काही दाखवत होता. त्याने हातातली चकती पडद्याच्या कडेला नेली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे एक फट होती. फटीनं चकती ओढून घेतली. गिळली म्हणायला हवं. लहान मूल गोळी गिळतं तशी, मागे काही न ठेवता. चार वर्षं त्या पत्रातली फट त्यांनी नाना प्रकारे डोळ्यांसमोर आणली होती. कधी ती गल्ल्याच्या पेटीसारखी असे, कधी दाराखालच्या जागेसारखी. ती इतकी बारीक असेल, कागदाच्या एका पापुद्र्यालाही तिच्यात जागा नसेल, हे आज दिसलं. त्या फटीत आपण खळ लावलेलं लेबल घातलं! दुकानदारानं एक कळ दाबली, चकती जिभेसारखी बाहेर आली. “या की आत, पावणं, बघायला पैसे पडत न्हाईत,” तो मोठ्यानं म्हणाला. हत्तरकी नुसतीच मान हलवून निघाले आणि चुकीच्या दिशेनं शंभर पावलं चालत गेले.

खळ भाऊसोची होती. म्हणजे भाऊसो जाऊन तेव्हाच नऊ वर्षं झाली होती, पण पद्धत त्याची. भाऊसो कुरणे ग्रंथालयाचा बाइंडर. मागच्या बोळातल्या खोलीत त्याचा स्टोव्ह, पत्र्याचा डबा, दाभण, शिवणीचा दोरा, आणि पुस्तकांच्या कडा कापायचं जुनं लोखंडी यंत्र. मैदा पाण्यात कालवून शिजवायचा, उकळी फुटली की चिमूटभर मोरचूद घालायचं, निळसर रंग आला की उतरवायचं. “मोरचूद न घातलेली खळ म्हंजे किड्याला जेवान,” असं तो म्हणे. निवृत्तीनंतरही हत्तरकी घरी तशीच खळ शिजवत. दोन हजार पाच साली श्रुतीचं पहिलं पत्र अहमदाबादहून आलं. तिथल्या एका कॉलेजात ती चित्रकलेचं आणि मांडणीचं शिक्षण घेत होती. ‘सौंदर्याताईच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बाबा आहेत असं आई म्हणते, मला मिळेल का?’ एवढंच तिनं विचारलं होतं. तेव्हा त्यांनी व्हिडिओवाल्या गुंडूकडून लेकीच्या लग्नाच्या, गाणी घातलेल्या कॅसेटची डिस्क करून घेतली. “कुठल्याही कॉम्प्युटरवर लागेल ना?” असं त्यांनी विचारलं होतं. “लागतीय की! कंप्युटर म्हंजे कंप्युटर,” गुंडू म्हणाला होता. हे हत्तरकींना पटलं होतं. पुस्तक कधी विचारत नाही, मला कुणाच्या टेबलावर उघडताय. मग घरी आणून त्यांनी डिस्कला चौकोनी कागद चिकटवला, ‘चि. सौ. कां. सौंदर्या हिचा विवाह, १९९२’ असं काळ्या शाईत रेखून लिहिलं, आणि दिवसभर शब्दकोशाखाली दाबून ठेवली. लेबल नसलेली वस्तू घराबाहेर पाठवणं त्यांना उघड्या अंगानं पाठवल्यासारखं वाटे. दुसरं पत्र आलं तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परक्या गावचं महागाचं यंत्र, लोकांनी ते खोललं असेल, हसले असतील, पोरीला ओशाळं वाटलं असेल. या लाजेला त्यांनी जवळ केलं. तिच्याआड लपायला जागा होती. यंत्र बिघडवलं म्हणून तोंड दाखवत नाही, असं म्हणता येत होतं. आणि मग गाण्याखालच्या प्रश्नापर्यंत जावंच लागत नव्हतं.

“चहा घेताय का वाळवताय?” शिवगंगाबाईंनी विचारलं. ते घरी येऊन शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या खिडकीशी बसले होते, चष्मा अजून खिशातच होता. चहावर साय आली होती. त्यांनी दुकानातली फट सांगितली. सांगताना दोनदा अडखळले. बाईंनी ऐकून घेतलं, लसूण सोलत राहिल्या. शिरोळच्या माहेराहून आणलेला आवाज त्यांनी पन्नास वर्षांत बारीक केला नव्हता. “ती डिस्क कवाच निघाली की. तुमीच हितं अडकलाय.”

“मी लिहिणार होतो.”

“काय लिवणार हुता? ते वाक्य सांगणार हुता तिला?”

हत्तरकींनी वर पाहिलं. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची वाळत घातलेली मिरची दिसत होती. ती फार लाल होती.

“कुठलं वाक्य?”

“मी मागंच हुबा हुतो की. हळदीकुंकवाचं ताट घिऊन.” गावाकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःविषयी पुरुषासारखंच बोलत. “सतरा वर्सं वाट बघाय लागलोय, हा माणूस कवा सांगतोय म्हणून. न्हाय सांगायचं तर नका सांगू. पर त्या पोरीनं तुमचं वाक्य मागितलं न्हवतं. बाचा आवाज मागितलाय.”

सतरा वर्षं हत्तरकींना वाटत आलं होतं, की ते वाक्य जगात तिघांच्याच लक्षात आहे: त्यांच्या, भाऊसोच्या आणि ट्रंकेतल्या मूळ कॅसेटच्या. पैकी भाऊसो बोलणार नव्हता, आणि कॅसेट त्यांनी कधी लावली नव्हती. त्या काळी गुंडूसारखे लोक लग्न टिपत, मग ते कापून-जोडून त्यावर गाणी घालत. नवरी पायऱ्या उतरते त्यावर एक गाणं, जेवणावळीवर दुसरं, निरोपावर सनई. माणसं बोलत, हसत, नाव घेत, ओरडत, आणि या सगळ्यावर गाण्याचा लेप बसे. लोकांना तेच हवं असे. गाणी नसलेली कॅसेट म्हणजे लग्न गरिबाघरचं. मूळ कॅसेट पुसून गुंडू पुढच्या लग्नाला वापरी. हत्तरकींनी मात्र ती मागून घेतली होती. मूळ प्रत हातची जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धंद्यातला हट्ट. गुंडू हसला होता. “काका, हिच्यात नुसता गोंगाट हाय.” त्या गोंगाटात आपलं वाक्य आहे, हे त्यांना तेव्हाच आठवलं होतं. तरी ती पुसून टाक, असं त्यांच्यानं म्हणवलं नाही, आणि ऐकायचंही धाडस झालं नाही.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात दुपारचं ऊन तिरपं येत होतं. मांडवाच्या दाराशी हत्तरकी हात जोडून उभे होते, नव्या धोतराची गाठ सुटेल या धास्तीत. व्याही आजऱ्याचे, काजूचे व्यापारी, मोठ्या आवाजाची, पांढऱ्या टोप्यांची माणसं, दोन पावलांवर. आणि भाऊसो आला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, मागे बायको बाळाबाई, तिचं बोट धरून सात वर्षांची श्रुती. हातात कागदात गुंडाळलेला आहेर: सौंदर्यासाठी त्यानं स्वतः शिवलेली वही, रेशमी पाठीची. त्या हातांची माया हत्तरकींना माहीत होती. वीस वर्षं दुपारी त्याच्या खोलीत, खळीच्या वासात, दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं; जगातला तो एकच माणूस होता ज्याच्याशी बोलताना त्यांची जीभ जड होत नसे. तेवढ्यात गुंडूचा कॅमेरा वळला, लाईटवाल्यानं दिवा धरला, पांढरा झोत दोघांच्या तोंडावर आला. “काका, ह्ये पावणं कोन? पूर्ण नाव सांगा, खाली नावं घालायची हाईत.” पूर्ण नाव. म्हणजे आडनाव. कुरणे म्हटलं की घर कुठल्या वस्तीत ते आजऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. व्याही ऐकत होते. निदान ऐकत असावेत. आणि हत्तरकी म्हणाले... काय म्हणाले ते त्यांना रोज आठवे, पण दर वेळी ते स्वतःच्या आवाजात नसे, दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं येई. “हे... आमच्या लायब्ररीतले शिपाई.” आणि ते दिव्यातून बाजूला झाले, कुणीतरी हाक मारल्यासारखे. हाक कुणीच मारली नव्हती.

पुढे भाऊसो चार वर्षं जगला. डबा रोज उघडला जाई. तो त्यावर चकार शब्द बोलला नाही, आणि बोलला नाही म्हणून हत्तरकींना मागे वळून बोलता आलं नाही. कधी कडा कापताना तो यंत्राचं चाक धरून थांबे, वर बघे. आता हा काढणार, असं त्यांना वाटे. तो म्हणे, “साहेब, हितनं पुढं कापलं तर अक्षर जातंय.” आणि पुस्तक परत सरकवून घेई. शहाण्णवच्या उन्हाळ्यात काविळीनं तो गेला.

दुसऱ्या दिवशी हत्तरकी सदर बाजारात बाळाबाईंकडे गेले. श्रुतीचा पत्ता हवा होता. चार वर्षांनंतर ती अजून अहमदाबादला असण्याचा संभव नव्हता. खरं तर पत्ता टेलिफोनवर मिळाला असता. पण टेलिफोनवर आपण काहीतरी भलतंच बोलून ठेवून देऊ, ही त्यांची भीती जुनी होती. बाळाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. केस सगळे पांढरे. “अगं बाई, साहेब! वाट चुकला काय?”

“नाही वैनी. पत्ता हवा होता. श्रुतीचा.”

“बसा तरी. का हुबं ऱ्हाऊनच पत्ता घेताय, पोस्टमनावानी?” त्यांनी आतून खुर्ची आणली. श्रुती पुण्यात होती. पुस्तकांची मुखपृष्ठं करते म्हणाल्या. बानं पाठ शिवली, लेक तोंड रंगवतीय. मग तांदळात बोटं फिरवत म्हणाल्या, “तुमच्या पत्राची लई वाट बघितली तिनं. रोज पोस्टात बघायची म्हनं. मग म्हनाली, काका इसरलं असतील.”

“विसरलो नव्हतो.”

“ते मला ठाऊक हाय. तुमी काय इसरणारं न्हवं, तुमी लपनारं.” त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की त्यांना रागसुद्धा आला नाही. “मला त्येंचा आवाज येतोय अजून. परवा कुकरची शिट्टी झाली तर वाटलं, हाक मारली. पर तिला कसा दावू? माझ्या कानात हाय, तो काडून तिच्या कानात कसा घालू, सांगा की.”

हत्तरकी पत्ता लिहिलेला कागद घडी करत राहिले, उलगडून पुन्हा घडी करत राहिले.

गुंडूचं दुकान गंगावेशीत होतं. आता त्याचं पोट सुटलं होतं, कॅमेरा लहान झाला होता, भिंतीवर लग्नाच्या अल्बमांच्या चकचकीत पाट्या होत्या. पण कोपऱ्यात फडक्याखाली जुना व्हीसीआर होता. त्यानं कॅसेट उघडून बघितली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढली होती. “काका, पलंगाखाली ठेवलीता व्हय? ओल खाल्ली हिनं.” दोन दिवसांपूर्वीपर्यंत हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. आता वाटलं, पोरीचा बाप दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी माझ्या घरात. गुंडूनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि फीत हातानं गुंडाळत, पुसत, तासभर बसला. हत्तरकी स्टुलावर. पुस्तक बरोबर आणलं होतं. एकच ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

“दोन हजार पाचला मी तुमाला फसीवलं बगा,” गुंडू कामातून वर न बघता म्हणाला. “मला तरी कुठं ठावं, कंप्युटरात बी जाती असत्यात म्हणून! ह्येची फाईल त्येला चालत न्हाय, त्येचं तोंड येगळं. आता डीव्हीडी करतो, पिक्चरची असती तसली. आपल्यावर लागंल, तुमी सांगताय त्या फटीवाल्यावर लागंल, टीव्हीखालच्या प्लेअरवर बी. तेवढं लेबल मात्र चिकटवू नगा, हात जोडतो.”

पडद्यावर आधी मुंग्या आल्या. मग एक पट्टा वरून खाली सरकत गेला, आणि कार्यालयाचं दार आलं, रंग थोडे उतरलेले. गाणं नव्हतं. भांड्यांचा आवाज, पोरांचा कलकलाट, कुणीतरी “पंगत बसवा” म्हणून ओरडत होतं. मग आकाशी शर्ट. गुंडूचा तरुण आवाज: पूर्ण नाव सांगा. आणि एक काळे केस असलेला, नव्या धोतरातला माणूस, तोंड दिव्यापासून अर्धं वळवलेलं: “हे... आमच्या लायब्ररीतले शिपाई.” वाक्य आठवणीतल्यापेक्षा लहान होतं, आणि आवाज त्यांचाच होता. तो माणूस चौकटीतून बाहेर गेला. हत्तरकींची आठवण इथे संपत होती. सतरा वर्षं ती इथेच संपत आली होती. कारण पुढे ते तिथे नव्हते. पण कॅमेरा तिथे होता.

भाऊसो चौकटीबाहेर गेलेल्या माणसाकडे क्षणभर बघत राहिला. मग हसला. त्या हसण्यानं गुंडूच्या दुकानाची काच थरथरल्यासारखी झाली. मोठा म्हणजे असा. तळातून येणारा, थोडा खरखरीत, कडेला फाटलेला. “साहेबांनी सांगिटलं न्हवं, शिपाई? लिव मग शिपाई! न्हाय न्हाय, थांब. लिव, भाऊसो कुरणे, बाइंडर. ह्येंच्या लायब्ररीत एक पुस्तक दाव, माझा हात न लागल्यालं.” तरुण गुंडू काहीतरी म्हणाला. “त्येला काय बोलू नगंस. लाजतोय. पुस्तकातलं इचारलं असतंस तर घडाघडा बोलला असता. माणसातलं इचारलं की ह्येची गाडी रुततीय.” मग खाली बघून: “श्रुते! ये हिकडं, फोटूत ये.” दोन वेण्यांची पोर त्याच्या पायाशी आली, त्यानं तिला उचलली. “बाबा, दिवा डोळ्यात जातोय,” ती म्हणाली. “मग डोळं झाक. मी हाय की.” पोरीनं डोळे मिटले आणि गाल त्याच्या आकाशी खांद्यावर टेकवला. कॅमेरा वळला. पंगत. पत्रावळी.

गुंडूनं थांबवलं. हत्तरकींना आपले गुडघे दिसत होते, त्यावरचं मिटलेलं पुस्तक, त्यावर आपला हात. भाऊसो सगळं ऐकून हसला होता. माफ केलं होतं का? तसं काही तो म्हणाला नव्हता. हसण्याच्या आधीचं ते क्षणभर बघणंही होतंच की. ते आपल्याला घेता येत नाही, की टाकता येत नाही.

गुंडू खाकरला. “काका, सुरवातीचं ते तुमचं... पायजे असंल तर कापतो. एका मिनिटाचं काम. पावणं हसल्यापास्नं सुरू करू.”

ही सोय इतकी सरळ होती, की हत्तरकी तिच्याकडे बघतच राहिले. एक मिनिट. आधी आवाजावर गाणं घालून झाकलं, आता वाक्यच नाही. पोरीला बाप मिळेल, पूर्ण, हसता. ती कधी विचारणार नाही, बाबा कशाला हसले. की विचारेल? उभट अक्षराची पोर. अकरा सेकंद मोजणारी. बाप निघून गेलेल्या माणसाकडे बघतो, ते बघणंही कापावं लागेल. मग हसणं कुठल्याच कारणाचं राहणार नाही. कुठल्याही लग्नातल्या कुठल्याही माणसाचं. त्यांना चाकावर थांबलेला हात दिसला.

“नको,” ते म्हणाले. “हितनं पुढं कापलं तर अक्षर जातंय.”

“आं?”

“काही नाही. आहे तसं राहू दे. गाणं घालू नकोस.”

पत्र लिहायला त्यांना तीन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात चार वर्षांच्या मौनाची कारणं होती, चार पानं. ती वाचताना त्यांना वाटलं, हेही एक गाणंच की. ती त्यांनी फाडली. शिवगंगाबाईंनी तुकडे केराच्या सुपात घेतले. शेवटी राहिलं ते एवढं: ‘चि. श्रुती, गाण्याखालचा आवाज असतो. तो माझ्याकडे होता. तू विचारलंस तेव्हाही होता. सुरुवातीला जे वाक्य ऐकू येईल ते माझं आहे. तुझे बाबा शिपाई नव्हते, आणि नुसते लायब्ररीतले म्हणून माझे नव्हते, माझे मित्र होते. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पुढचं सगळं त्यांचं आहे. शेवटी तू आहेस. ही कुठल्याही मशीनवर लागेल असं गुंडू म्हणतो. न लागली तर कळव. या वेळी उत्तर देईन. गुरुसिद्ध हत्तरकी.’ डिस्क पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवली. उघड्या, चकचकीत चकतीवर पेनानं नुसतं ‘भाऊसो’ लिहिलं होतं. हात दोनदा खळीच्या डब्याकडे गेला आणि मागे आला.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं, तिकिटं दिली. “बाहेर पेटीत टाका, आजोबा. आता गाडी यील.”

लाल पेटीची फटही बारीकच होती. पाकीट आडवं धरलं तर जाईना. हत्तरकींच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या; मागे एक माणूस उभा होता, हातात आंतरदेशीय पत्र. “पावणं, कोपऱ्यानं घाला की, तिरकं,” तो मोठ्यानं म्हणाला. हत्तरकींनी पाकीट फिरवलं, कोपरा आत घातला, तळहातानं ढकललं. ते अडलं, मग सुटलं. आतल्या पत्रांवर पडल्याचा आवाज त्यांनी कान देऊन ऐकला.

“गेलं काय?” मागचा माणूस म्हणाला.

“व्हय,” हत्तरकी म्हणाले, “गेलं.”